बापू कुठं जातोय

ऑक्टोबर संपता संपता ओमानातल्या सोहारमध्ये एक संध्याकाळ अशी येते, की कंपनीच्या गेटातून बाहेर पडताना चष्म्यावर वाफ धरत नाही. मेपासून रोज धरते. एसीतून बाहेर पाय टाकला की दोन्ही काचा पांढऱ्या, आणि माणूस चाचपडत आपली गाडी शोधतो. मग एके दिवशी काचा स्वच्छ राहतात, गाडी लगेच दिसते, आणि कळतं की थंडी आली. हिला थंडी म्हणायचं म्हणजे आमच्या कोल्हापूरचे लोक हसतील. पण पाच महिने बंद दाराआड काढलेल्या माणसाला एवढीही पुरते. लोक गाडीच्या काचा खाली करून घरी जातात. औद्योगिक वसाहतीमागच्या मैदानावर टँकरनं पाणी मारतात, आणि ओल्या वाळूचा वास रस्त्यापर्यंत येतो.

तो वास आला की बाकीच्यांना खेळायची हुक्की येते. मी गाडीची काच वर करतो. चार वर्षं झाली, दर थंडीला हेच.

यंदा तो वास आला त्याच संध्याकाळी सायलीचा फोन आला. सायली माझी मुलगी, मस्कतला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग शिकते. जन्म इथला, शाळा इथली, मराठी अडखळत. तिच्या मावसभावानं तिला अमेरिकेतल्या फुटबॉलचं वेड लावलंय. तिकडं बॉल हातात घेऊन पळतात, मग त्याला फुटबॉल का म्हणायचं, हा माझा प्रश्न तिनं केव्हाच निकालात काढलाय. तर तिची टीम सपाटून हरतेय. आणि हरणाऱ्या टीमला तिथं पुढच्या वर्षी नवीन पोरं निवडताना पहिली पाळी मिळते म्हणे.

"बाबा, तू कॅप्टन आहेस ना? मग सांग. फर्स्ट पिक आपल्याला मिळणार. तो ठेवायचा, की दुसऱ्या टीमला देऊन त्यांचे खालचे दोन-तीन पिक्स घ्यायचे? ट्रेड डाऊन म्हणतात. आमच्या ग्रुपमध्ये फुल भांडण चाललंय."

"जेवलीस का?" मी विचारलं.

"बाबा, आत्ता साडेसहा वाजलेत."

"मग नंतर सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. मैदानाच्या कडेला गाडी लावली. दोन बांगलादेशी कामगार चुन्यानं रेघा मारत होते. एक रेघ वाकडी गेली, ती पायानं पुसून त्यांनी पुन्हा मारली. चुन्याची रेघ होती म्हणून जमलं.

आमच्याकडं कोल्हापुरात माणूस निवडायची पद्धतच नाही. पेठेत जन्माला आलात की तुम्ही त्या तालमीचे, म्हणजे तिच्या फुटबॉल संघाचे. शेजारच्या पेठेचा संघ चांगला आहे, म्हणून कुणी तिकडं जात नाही. गेला तर त्याच्या आईला भाजी आणायला दुसऱ्या रस्त्यानं जावं लागेल. सामन्याच्या दिवशी एका घरात दोन पेठांच्या जावा असल्या, तर स्वयंपाकघरात भांड्यांचाच तेवढा आवाज येतो. यात शहाणपण किती, हे मला माहीत नाही. डोकीही फुटलेली बघितलीत मी. पण आपल्याला कुणी घेईल का, ही धास्ती आम्ही लहानपणी कधी अनुभवली नाही. घ्यायचं काय त्यात, आम्ही होतोच.

बापू म्हणजे महादेव. माझ्या घरापासून सहावं दार. तो तालमीचा गोलकीपर आणि मी डावा बॅक, म्हणजे बारा वर्षं मी त्याच्यापुढं उभा राहिलो आणि माझ्या चुका त्यानं झेलल्या. बॉल माझ्या पायाखालून निसटला की मागनं आवाज यायचा, "दिल्या, झोपलास काय?" तोवर बॉल त्याच्या पोटाशी असायचा. मला दिल्या म्हणणारी माणसं जगात तीनच राहिली होती. एक माझी आई, एक थोरला चुलता, आणि एक हा.

त्याला ओमानला आणला मीच. मी आधी आलो, प्लॅनिंगमध्ये लागलो. शेजारच्या कंपनीत वेल्डर हवे होते, तेव्हा बापूला कळवलं. मुंबईतल्या एजंटच्या शेडमध्ये पन्नास-साठ माणसं उभी करून प्रत्येकाला एकेक जोड मारायला लावतात आणि साहेब बोट दाखवत जातो, हा, हा, तो नाही, हा. बापूवर बोट पडलं. त्या दिवशी फोनवर तो म्हणाला, "दिल्या, गुरांच्या बाजारात उभारल्यासारखं वाटलं रं." मी हसलो. म्हणालो, इथं आलास की खेळू. थंडीत इथं लई झकास मैदान असतंय.

आणि खेळलो. आमच्या इथल्या मराठी मंडळाची थंडीतली स्पर्धा असते, सहा संघ, सात-सात जणांचे. पाच मस्कतचे, एक सोहारचा. पूर्वी ज्याचे त्याचे संघ होते, पण मग मारामाऱ्या झाल्या, पुणेकरांनी पुणेकरच घेतले, कोकणातल्या माणसांना कुणी विचारलंच नाही, असं बरंच. म्हणून मंडळानं नियम केला. सगळ्या खेळाडूंची एक यादी, सहा कॅप्टन, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या, आणि चिठ्ठीच्या नंबरानं पाळी. यादीतली माणसं हॉलमध्ये समोर खुर्च्यांवर बसलेली असतात. नाव पुकारलं की उठायचं आणि आपल्या कॅप्टनच्या मागं जाऊन बसायचं. समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत जातात. शेवटी चार-पाच जण उरतात, ते मोबाईलमध्ये बघत बसतात. मी दर वर्षी तिकडं बघायचं टाळायचो. पाळीची अदलाबदल चालते, पण चोरून नाही. उभं राहून माइकवर सांगावं लागतं, आम्ही आमची पाळी यांना देतोय. हाही भांडणातनं आलेला नियम.

दर वर्षी मी बापूला तिसऱ्या-चौथ्या फेरीत घ्यायचो. कुणी आड येत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, तो सोहारचा, दिलीपरावांचा माणूस.

चार वर्षांपूर्वीच्या त्या थंडीत बापू सेहेचाळीसचा होता. पोट सुटलेलं, उजवा गुडघा कुरकुरणारा. दर गुरुवारी संध्याकाळी तो आमच्याकडं जेवायला असायचा. वैशाली, माझी बायको, त्याच्यासाठी तांबडा रस्सा करायची आणि तो पहिला घास घेऊन म्हणायचा, "वहिनी, पाणी घातलंय यात." तिनं कधीच घातलेलं नसायचं. त्या गुरुवारी तो तसं म्हणाला नाही. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "फेब्रुवारीत खलास. काँट्रॅक्ट संपतंय, पुढं वाढवत नाहीत. व्हिसा कॅन्सल."

वैशालीच्या हातातली वाटी तशीच राहिली. मी दुसरीकडं कुठं बघू का, असं काहीतरी बडबडलो. सोहारमध्ये त्या वर्षी कुणीच कुणाला घेत नव्हतं, हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"राहू दे रं," बापू म्हणाला. "एवढी थंडी एकत्र खेळू. तू पुढं, मी मागं. बास झालं."

"ते काय सांगायचं असतंय होय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आम्ही दोघं माझ्या गाडीनं मस्कतमधल्या वादी कबीरला गेलो, तिथल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर हॉल होता. अडीच तासांच्या रस्त्यात बापू गप्पा मारत होता. त्यानं जुनी पिवळी जर्सी धुऊन, इस्त्री करून पिशवीत आणली होती. नुसतं नाव पुकारायला जायचं होतं, जर्सीचं काय काम? "असू दे," म्हणाला. "फोटो काढू."

डब्यात हात घातला आणि माझ्या चिठ्ठीवर एक आकडा निघाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पहिली पाळी माझी. हॉलभर आवाज झाला. चहासाठी दहा मिनिटं थांबले, तेव्हा वादी कबीरचा कॅप्टन निनाद माझ्यापाशी आला. डोंबिवलीचा, इन्शुरन्समध्ये आहे, सरळ माणूस. म्हणाला, "दिलीपराव, तुमची पहिली पाळी आम्हाला द्या. आमची तिसरी घ्या, वर दुसऱ्या फेरीतलं आमचं नावही तुमचं. आम्ही शेवटी उरेल त्याला घेऊ."

मी पेपर नॅपकिनवर लिहून बघितलं. एक देऊन दोन. पहिली पाळी त्याला कशाला हवी, हे उघड होतं. सावंतवाडीचा एक पोरगा त्या वर्षी नवीन आला होता, वाऱ्यासारखा पळायचा, सगळे त्याच्याच मागं होते. तो गेला तर जाऊ दे. तिसऱ्या पाळीला पेणचा एक आहे, दुसऱ्या फेरीत नाशिकचा मिळेल आणि बापू, तो काय, तिसऱ्या फेरीत घेऊ. सेहेचाळीस वर्षांच्या गोलकीपरला कोण विचारतंय. बापू कुठं जातोय.

हे तीन शब्द मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असतो तर कदाचित माझे मलाच ऐकू आले असते. बापू हॉलच्या दुसऱ्या टोकाला चिवड्याची बशी घेऊन उभा होता. वीस पावलं. जाऊन विचारलं नाही. त्याचं काय विचारायचं, तो तर आपलाच.

मग माइकवर पुकारा झाला, "पहिली पाळी, सोहार."

बापू उठायला लागला होता. पिशवी खांद्याला अडकवलेली, हात गुडघ्यावर, अर्धा उभा. त्याला वाटलं होतं, पहिली पाळी आलीय, शेवटची थंडी आहे, तर दिल्या पहिलं नाव आपलंच घेणार. कुणालाही वाटलं असतं. मला का वाटलं नाही, हे मी चार वर्षं स्वतःला विचारतोय.

मी माइक घेतला. "आम्ही आमची पहिली पाळी वादी कबीरला देतोय."

टाळ्या पडल्या. मागनं कुणीतरी शिट्टी मारली. बापू तसाच अर्धा उभा होता. मग तो सावकाश खाली बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारच्याकडं बघून हसला. निनादनं माइक घेतला आणि यादी न बघता म्हणाला, "महादेव. गोलकीपर."

सावंतवाडीच्या पोराचं नाव नव्हतंच. बापू लगेच उठला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्यात. बॉल माझ्या पायाखालून गेल्यावर जसा बघायचा तसाच. मग उठला आणि निनादच्या मागं जाऊन बसला.

नंतर मी निनादला गाठलं. म्हणालो, अहो, पहिली पाळी गोलकीपरवर कुणी घालवतं का? तो गोंधळला. "यादीत खरा गोलकीपर एकच होता हो. बाकी सगळे नुसते पळतात." मग म्हणाला, "आणि मला वाटलं, तुम्हाला नकोत ते."

परतीच्या अडीच तासांत बापू डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता, मला त्याचं झोपणं माहीत आहे. बरका गाव मागं पडल्यावर एकदाच बोलला, "निनाद चांगला माणूस वाटतोय." मी म्हणालो, हो, चांगला आहे. मी माफी मागायला हवी होती, तिथंच, गाडी बाजूला घेऊन. पण मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीची काय माफी मागायची, खेळ आहे. खेळ आहे हे मी त्या थंडीत स्वतःला इतक्यांदा सांगितलं, की शेवटी वैशाली म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आता गप बसा."

मग गुरुवार बंद झाले. भांडण नाही, तंटा नाही. वादी कबीरचे सामने मस्कतला असायचे, शुक्रवारी पहाटे शेअर टॅक्सी धरायची म्हणून बापू गुरुवारी लवकर झोपायचा. कारण खरं होतं. वैशालीनं दोन गुरुवार रस्सा केला, तिसऱ्या गुरुवारी केला नाही. सायली तेव्हा दहावीत होती. विचारायची, "बापूकाका का नाही येत?" मी सांगायचो, तो लवकर झोपतो.

माझी ती दोन पोरं, पेणचा आणि नाशिकचा, चांगली होती. खोटं कशाला बोलू. जीव तोडून खेळली. नाशिकचा तर इतका गुणी, की सामना झाल्यावर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करायचा. त्यांच्यावर मी चिडू शकलो असतो तर बरं झालं असतं.

जानेवारीत वादी कबीरशी सामना होता, आमच्या सोहारच्या मैदानावर. सकाळची वेळ, समुद्राकडून गार वारा, वाळूवर दव. मी डाव्या बाजूनं पुढं गेलो होतो, बॉल माझ्या पायात आला आणि समोर एकटा बापू. आयुष्यभर तो माझ्या पाठीमागं होता. समोरून तो कसा दिसतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मोठा दिसत होता. मी बॉल हळू मारला, सरळ त्याच्या हातात. मला वाटलं, कुणाला कळणार नाही.

त्यानं बॉल उचलला, माझ्यापाशी आला आणि कानाशी म्हणाला, "एवढं तरी नीट मारायचं होतंस." त्या सबंध थंडीत तेवढाच तो माझ्यावर चिडला. पाळी दिली त्याबद्दल नाही. त्याच्यावर दया केली त्याबद्दल.

फेब्रुवारीच्या शेवटी तो गेला. मी मस्कतच्या विमानतळावर पोचलो तर वादी कबीरचे बाकीचे सहाही जण तिथं होते. बापूच्या अंगात त्यांची निळी जर्सी. पोरं बॅगा उचलत होती, फोटो काढत होती. मला बघून बापू पुढं आला आणि त्यांना म्हणाला, "हे दिलीपराव. आमच्या गावाकडचे."

दिलीपराव. मी हात पुढं केला, त्यानं दोन्ही हातांनी धरला, जसा साहेबाचा धरतात.

माणसाला परकं करायचं असेल तर आपल्याकडं शिवी देत नाहीत, मान देतात. शिवी दिली असती तर मी तिथंच त्याच्या गळ्यात पडलो असतो. मानापुढं काय करणार? उभा राहिलो, "पोचलात की कळवा" म्हणालो. मीही त्याला अहो म्हणालो, हे पार्किंगमध्ये गेल्यावर लक्षात आलं.

दोन वर्षांमागं सुट्टीत कोल्हापूरला आमच्या गल्लीत गेलो. माफी मागायची असं विमानातच ठरवलं होतं. बापू घरीच होता. गल्लीत आम्ही कट्ट्यावर बसतो, पिढ्यान्‌पिढ्या बसतो, घरात फक्त पाहुणे बसतात. त्यानं मला घरात नेलं, प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. "बसा, दिलीपराव." बायकोला चहा ठेवायला सांगितला, बशीत बिस्किटं आली. नळाला पाणी किती वाजता येतं, रस्ता कुणी खणून ठेवलाय, गुडघ्याला कोणतं तेल बरं, सगळं बोललो. मैदानावर जातोस का, असं मी विचारलं तर म्हणाला, "नाही. आता काय." माफी मागायला गेलेलो मी पाण्याच्या वेळा ऐकून परत आलो. जिन्यावरून उतरताना वाटलं, मागनं एकदा तरी आवाज येईल. आला नाही.

लोक म्हणतात, वेळ जाऊ द्यावा, सगळं ठीक होतं. मला तसा अनुभव नाही. वेळ गेला तसा तो मान पक्का होत गेला. आता दिवाळीला त्याचा पणतीचा फोटो येतो, आपणास व आपल्या परिवारास म्हणून. मी पण तसाच एक पाठवतो. आई गेली, चुलता गेला. दिल्या म्हणणारं जिवंत असं एकच माणूस आहे, आणि ते म्हणत नाही. हे आता असंच राहणार, हे मला कळून चुकलंय.

गेल्या शुक्रवारी यंदाची निवड झाली. मी आता खेळत नाही, पण सोहारचा दुसरा कुणी कॅप्टन व्हायला तयार नाही म्हणून जाऊन बसतो. मंडळाच्या नव्या सेक्रेटरी कुलकर्णी मॅडम, मागच्या वर्षी पुण्याहून आलेल्या. त्यांनी कुठली तरी जुनी यादी उघडून त्यातच नवीन नावं भरली होती. तिसऱ्या फेरीत माझी पाळी आली, तेव्हा त्या उरलेली नावं वाचत होत्या. वाचता वाचता म्हणाल्या, "महादेव. गोलकीपर. सोहार."

हॉलमधल्या नव्या लोकांनी इकडंतिकडं बघितलं, कोण हे. निनादनं माझ्याकडं बघितलं. त्याचे केस पांढरे झालेत.

पाळी माझी होती. मी खुर्चीतून उठायला लागलो होतो, हात गुडघ्यावर, अर्धा उभा. नाव घ्यायचं, लिहायला लावायचं, एक माणूस कमी घेऊन खेळायचं. लोक हसले असते तर हसू द्यायचं. कुणीतरी फोटो काढून त्याला पाठवला असता. नाव ओठांवर आलं होतं.

"दिलीपराव, कुणाला घेताय?" मॅडमनी विचारलं.

समोर उरलेली पोरं बसली होती, माझ्याकडं बघत. मी खाली बसलो.

"ते नाव जुनं आहे मॅडम," मी म्हणालो. "काढून टाका."

त्यांनी काढून टाकलं.

हॉलमधून निघालो तो थेट सायलीच्या हॉस्टेलवर गेलो. कोपऱ्यावरच्या टपरीतून दोन करक, म्हणजे इथले घट्ट दुधाचे चहा घेतले आणि गाडीतच प्यायलो. काचा खाली होत्या, बरं वारं होतं. तिनं पुन्हा तेच काढलं, फर्स्ट पिक द्यायचा की ठेवायचा.

"देऊ नये," मी म्हणालो. "ठेवावा."

"पण बाबा, मॅथ्स बघ ना. आणि तू पण एकदा दिलेलास ना? आई म्हणाली. वन फॉर टू. आणि त्या इयरला आपण जिंकलो पण. कप आहे की घरी, टीव्हीच्या बाजूला."

"आहे," मी म्हणालो. "जिंकलो होतो."